मदत हवी आहे: ठसे जुळलेच नाहीत, पण तोवर भाऊ कोठडीत

नागपूरकर वकील मंडळींनो, जरा सांगा. माझ्या मावसभावाला चोरीच्या गुन्ह्यात उचललं. त्याचं आणि एका फरार आरोपीचं नाव एकच, वडिलांचंही तेच. बोटांचे ठसे लगेच घेतले, पण अहवाल यायचाय म्हणून कोर्टाने कोठडी दिली. शेवटी ठसे त्याचे नाहीत असं निघालं आणि सोडलं. हातात कागद एकही नाही. इतवारीतल्या दुकानातली नोकरी गेली ती गेलीच.

२४ तासांच्या आत कोर्टापुढे उभं केलं होतं, मग दाद कशावर मागायची? रुदल शाह प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये भरपाई दिली, पण तो निर्दोष सुटूनही १४ वर्षं आत होता. त्यापुढे आमचं नागपूर खंडपीठात कोण ऐकणार, असं घरचे म्हणतात. मला पटत नाही.

दुसरं, २०२२ च्या ओळख कायद्यानुसार (पकडलेल्यांचे ठसे वगैरे घेऊन ठेवण्याबद्दलचा कायदा) आधी शिक्षा नसलेला माणूस खटल्याविना सुटला तर त्याच्या नोंदी नष्ट करायच्या असतात, एरवी त्या ७५ वर्षं राहतात. हा अर्ज नेमका कोणाकडे द्यायचा? ठसे जुळले नाहीत हे लेखी कसं मिळवायचं?

फौजदारी वकीलही सुचवा. आमच्या ओळखीतले सगळे जमिनीच्या दाव्यांचेच.