गावाकडची बंद मारुती ८००: घ्यावी की सोडून द्यावी?

प्रेषक: दारव्हेकर (एडिसन)

मंडळी,

दिवाळी फराळाच्या मेलांमध्ये मध्येच घुसतोय, पण सल्ला हवाय.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात एका गुरुजींची ९८ सालची मारुती ८०० उभी आहे. पांढरी, एमएच-२९ ची. गुरुजी वारले तेव्हापासून गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये आहे, लॉकडाऊनच्या आधीपासून सुरूच झालेली नाही. धाकटा मुलगा २५ हजार म्हणतो, २० ला देईल. आईला दर महिन्याला यवतमाळला दवाखान्यात न्यावं लागतं. दारव्ह्याहून एसटी मिळते, पण गावातून दारव्ह्याला पोचेपर्यंतच अर्धा दिवस जातो. बाबा रोज त्या शेडकडे चक्कर मारतात आणि मला फोनवर गाडीचे फोटो पाठवतात. गावचा मिस्त्री म्हणतो, तीस हजारात टकाटक करून देतो. म्हणजे पन्नास हजारात गाडी. इथे अमेरिकेत तेवढ्यात एक बरा फोन येतो. घेऊन टाकू का?

प्रेषक: अकोलेकर काका (ह्यूस्टन)

अरे बाबा, थांब जरा.

आधी एक काम कर. "सुरू करून दाखवतो" म्हणून कोणी बॅटरी जोडून किल्ली फिरवायला निघाला, तर त्याला तिथेच अडव. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात, रिंगा गंजून चिकटतात. स्टार्टरने जबरदस्ती केली की जे वाचलं असतं तेही जातं. तीनच सिलिंडर आहेत, तिन्ही प्लग काढायचे, प्रत्येकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल ओतायचं आणि रात्रभर सोडायचं. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावायचा आणि हाताने फिरवायचं. फिरलं तर पुढचं बोलू. नाही फिरलं तर गाडीला भंगाराच्या वर एक रुपया द्यायचा नाही. तिचं वजनच साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, त्यावरून हिशेब कर.

फिरलं, तर कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावायला सांग. गावच्या मिस्त्रीकडे नसेल, दारव्ह्यात कुणाकडे तरी मिळेल. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एक एकदम खाली असेल तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावं लागणार, मग ते तीस हजार विसर.

पेट्रोलकडे लोक दुर्लक्ष करतात. टाकीतलं जुनं पेट्रोल आता वार्निशसारखं वास मारत असेल. टाकी उतरवून धुवायची, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर पूर्ण खोलून साफ करायचा, पेट्रोल पंपाचा पडदा बदलायचा. हो, ९८ ची म्हणजे कार्ब्युरेटरवालीच. आणि आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ती गाडी बनली तेव्हा असलं काही नव्हतं, तिचे रबरी पाइप त्याने फुगतात, चिरतात. इंजिनाजवळ पेट्रोल गळणं म्हणजे काय हे सांगायला नको. सगळे पाइप नवे, इथेनॉल चालणारेच घाल. टायमिंग बेल्टही न बघता बदल.

पत्र्याचं म्हणशील, तर कोकणातली गाडी असती तर मी वाचूनच मेल बंद केला असता. आपल्याकडे विदर्भात हवा कोरडी, वरून गाडी बरी राहते. पण आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि कच्च्या शेडमध्ये ओल खालून येते. म्हणून बोनेट बघून भुलू नकोस. आतली मॅटिंग उचलून फरशी बघ, दारांखालच्या पट्ट्या पेचकसाने टोचून बघ. पेचकस आत गेला तर घरी जा.

पार्ट्सची काळजी नको. हेच इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत येत होतं, सामान तालुक्याला मिळतं. ही गाडी जगवता येते, एवढंच म्हणतो. मी स्वतः अकोल्यात एक ८०० खूप वर्षं चालवली, त्यामुळे माझं मत थोडं बाजूने झुकलेलं आहे हे धरून चाल.

प्रेषक: वणीची ताई (टोरांटो)

काका, तुमचं सगळं बरोबर, पण तुम्ही पाना आधी काढला. मी कागद आधी काढेन.

दारव्हेकर भाऊ, आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकाचा, फोटो मागवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. जुन्या गाड्यांवर वयावरून सरसकट बंदी आपल्याकडे नाही, त्यामुळे वाढवता येते. पण ९८ ची गाडी म्हणजे २०१३ ला एकदा वाढवली असेल तर २०१८ ला संपली. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारची १०,०००. शिवाय नियमात उशिराचे महिन्याला ५०० आहेत. २०२२ पासूनचेच साडेतीन वर्षांचे धरले तरी २१,०००. नेमका आकडा फी भरताना परिवहनच्या वेबसाइटवर दिसतो. त्यावर पर्यावरण कर, इन्शुरन्स आणि २०१९ च्या आधीच्या गाड्यांना लागणारी नवी सुरक्षा नंबर प्लेट. पाना लावायच्या आधीच गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाले. इंजिन बंद आहे, उशिराचं मीटर चालूच आहे.

आता खरी गोम. गाडी गुरुजींच्या नावावर. ते गेले, म्हणजे आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने, बाकी वारसांच्या सह्या घेऊन, आणि मगच तुमच्या नावावर. एकटा धाकटा मुलगा गाडी नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर सही करून देत असेल तर त्या कागदाला काही अर्थ नाही. आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, अजून दिसतोय का तेही बघा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण फॉर्म ३५ भरून तो बोजा उतरवायचं राहून जातं. आमच्या बाबांच्या जीपला नेमकं हेच झालं होतं, आणि बँकेची ती शाखाच दुसरीकडे गेलेली.

आणखी एक. नूतनीकरणाच्या तपासणीला गाडी चालती लागते. म्हणजे दुरुस्तीचे पैसे आधी जाणार, कागद होतात की नाही हे नंतर कळणार. म्हणून वारसांच्या सह्या हातात येईपर्यंत मिस्त्रीला एक पैसा देऊ नका.

प्रेषक: खामगावकर (लंडन)

चालवणार कोण? बाबांचं वय किती, डोळे कसे आहेत? बेसिक ८०० असेल तर एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग तर नाहीच. मे महिन्यात ४५ अंशात आईला त्यात बसवून यवतमाळला नेणार? महिन्यातून एकदाच जायचं तर गावातलीच कोणाची तरी बोलेरो ठरवून टाका, ड्रायव्हरसकट. रात्री-अपरात्री फोन केला तरी तो येईल. बंद गाडी येणार नाही.

प्रेषक: दारव्हेकर (एडिसन)

सगळ्यांचे आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते खामगावकरांवर थोडे रागावलेत, पण बोलेरोवाल्याशी बोलूनही आले.

काकांच्या पद्धतीने मिस्त्रीने प्लग काढून तेल सोडलं. त्याचा आलेला निरोप जसाच्या तसा: "भौ, इंजिन जाम नाही हाये, पाना लावला त फिरते. पन वायरिंग सारी उंदरानं खाल्ली. मांगच्या शीटवर कापसाचं गाठोडं ठेवलं होतं म्हने, मंग काय होईन? मांगचे दोन्ही चाकं जाम हायेत. टायर त पाहूच नका." तीस हजारांचे आता पंचेचाळीस झालेत, आणि टायर वेगळे. पत्रा मात्र चांगला निघाला, फरशी फक्त ड्रायव्हरच्या पायाखाली गेलीय.

इथपर्यंत मी घ्यायच्या बाजूने होतो. मग ताईंनी सांगितलेले कागद मागितले. आरसी २०१८ ला संपलेली. मूळ पुस्तक सापडत नाही, म्हणजे आधी फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत काढायची. बँकेचा बोजा आहेच. पुण्याचा मोठा मुलगा सही द्यायला तयार आहे. नागपूरची मुलगी म्हणते, बाबांची गाडी आहे, विकायचीच नाही. तिचंही चूक नाही.

मी धाकट्याला कळवलंय की तिघांच्या सह्या आणि दुय्यम आरसी त्यांनी करून दिली तर १२ हजार देईन, नाहीतर नको. तो हसला. तेव्हा गाडी शेडमध्येच राहणार असं दिसतंय. आईसाठी बोलेरोवाल्याशी महिन्याचं ठरलंय, डॉक्टरकडे थांबायचे पैसे वेगळे. बाबांना दारव्ह्याकडेच एखादी चालती, २०१२ नंतरची, पहिल्या मालकाची छोटी गाडी बघायला सांगितलंय, आणि बघायला जाताना मिस्त्रीला सोबत न्यायला.

प्रेषक: अकोलेकर काका (ह्यूस्टन)

ठीक केलंस.

एक विचारायचं होतं. गुरुजींच्या मुलाला सहज विचारून बघ, तो कार्ब्युरेटर सुटा देतो का. अकोल्याला माझ्या भाच्याची जुनी ओम्नी त्याच्यावाचून अडलीय. त्याच्या बहिणीची ना असेल तर मात्र विषय काढू नकोस.