ऑस्ट्रेलियातले पक्षी आले कुठून?

माळटिटवी
नमस्कार मंडळी. मी मूळची नाशिकची, आता मेलबर्नला असते. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघत मोठी झाले, पण इथे आल्यावर सगळे आडाखे चुकतायत. कुंपणावर शेपूट हलवत फिरणारा विली वॅगटेल मला परीट वाटला. इथली मैत्रीण म्हणाली, त्याचा परटाशी काहीच संबंध नाही. मॅगपायही म्हणे कावळ्याच्या कुळातला नाही. सुतारपक्षी नाहीत, गिधाडं नाहीत. आशियातून पक्षी उडत आले आणि इथे येऊन बदलले, असं मी धरून चालले होते. ते बरोबर आहे का?

पाणकावळा
टिटवीताई, अर्न्स्ट मायरसारखा मोठा शास्त्रज्ञही तसंच मानत होता. आशियातून एकामागून एक लाटा आल्या आणि ऑस्ट्रेलिया भरला, असं त्याचं मत होतं. 1980च्या दशकात चार्ल्स सिब्ली आणि जॉन आल्क्विस्ट यांनी पक्ष्यांचे डीएनए ताडून पाहिले आणि हा समज डळमळला. तिथले रॉबिन, रेन, ट्रीक्रीपर युरोपातल्या पक्ष्यांसारखे दिसतात, पण ते एकमेकांनाच जवळचे निघाले. पुढे 2000 नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी त्याहून मोठी गोष्ट पक्की केली: गाणाऱ्या पक्ष्यांचं मूळ घरच तिकडचं.

जगातल्या पक्ष्यांच्या जवळजवळ निम्म्या जाती गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात मोडतात. चिमणी, बुलबुल, दयाळ, शिंजीर, कोतवाल, हळद्या, कावळा, सगळे त्यातले. या वंशवृक्षाच्या बुंध्यापाशी फुटलेल्या फांद्या पाहिल्या, तर लायरबर्ड, स्क्रबबर्ड, बोवरबर्ड अशी ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीचीच मंडळी भेटतात. त्याहून जुनी फांदी न्यूझीलंडच्या इवल्याशा रायफलमनची. क्वीन्सलँडमधल्या मर्गनला, गाणारे पक्षी ज्यात येतात त्या मोठ्या गटातल्या (पॅसेराइन) पक्ष्यांची हाडं सापडली, ती साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीची. युरोपात इतके जुने अवशेष मिळालेले नाहीत.

मग ते बाहेर कसे पडले? ऑस्ट्रेलिया अंटार्क्टिकापासून सुटून उत्तरेकडे सरकत होता. साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी त्याचा भूभाग आशियाच्या बाजूला भिडू लागला आणि मधल्या समुद्रातून बेटं वर आली. त्या बेटांवरून पक्षी पुढे सरकले. आपल्या शेतात तारेवर बसून किडे टिपणाऱ्या कोतवालाचे पूर्वजही याच वाटेने आले. लहानपणापासून ओळखीच्या या पक्ष्याची कुळी इतक्या लांबची आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमच्या विली वॅगटेलचे खरे भाऊबंद म्हणजे आपले नाचण. पंख्यासारखी शेपटी उघडून झुडपात भिरभिरतात ना, तेच. मॅगपायचे नातलग तिथले बुचरबर्ड.

सुगरण_सातारा
वाचून अंगावर काटा आला! पण मग तिकडे पक्ष्यांचं इतकं का फावलं? आणि तिथले सगळेच जुने रहिवासी म्हणायचे का?

पाणकावळा
सगळे नाहीत. मिस्टलटोबर्ड हा आपल्या फुलटोच्याचा नातलग, तो नंतर आशियातून आलेला. साळुंकी तर माणसांनी 1860च्या दशकात मेलबर्नला नेऊन सोडली. कीड खाईल असं वाटलं होतं, आता ती स्थानिक पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते. मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं.

पहिल्या प्रश्नाचं एक उत्तर मला फार पटतं. निलगिरी आणि बँक्सियाच्या फुलांतला मध, शिवाय पानांवर किडे जो गोड स्राव सोडतात तो, असं गोड अन्न तिथे भरपूर. पक्ष्यांच्या पूर्वजांनी गोडाची चव ओळखणारं जनुक गमावलं होतं. 2021मध्ये असं दिसून आलं, की गाणाऱ्या पक्ष्यांच्या सुरुवातीच्या पूर्वजांत मांसाची चव ओळखणारा ग्राहक (जिभेवरचा चव टिपणारा रेणू) बदलून साखर ओळखू लागला. म्हणून आज किडे किंवा दाणे खाणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांनाही गोड कळतं. हनीइटर तर या अन्नावरच जगतात, आणि फुललेलं झाड राखायला आरडाओरडा, मारामाऱ्या करतात. तिथल्या पहाटेचा गोंगाट ऐकला असेलच.

माळटिटवी
काका, खूप आभार. लायरबर्ड बघायचा असेल तर कुठे जाऊ?

पाणकावळा
डँडेनाँग डोंगरातलं शेरब्रुकचं जंगल. जून ते ऑगस्टमध्ये पहाटे जा, तो त्याच्या विणीचा हंगाम. नर कुकाबुरा, व्हिपबर्ड अशा एकेका पक्ष्याचा आवाज हुबेहूब काढतो. मादीही गाते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. ती वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे घरटं दिसलं तर लांबूनच बघा. रेकॉर्ड केलेला आवाज तर अजिबात वाजवू नका.