मदत हवी आहे : गुप्तचर खात्याच्या पैशाचा हिशेब तपासतं कोण?

नमस्कार मंडळी. मी कोषागारात बरीच वर्षं काढली. चहापाण्याच्या चाळीस रुपयांच्या व्हाउचरवर सही नाही म्हणून अख्खं बिल परत आलेलं पाहिलंय. त्यामुळे सध्या जे वाचतोय, त्याने डोकं चक्रावलंय.

अमेरिकेत १९४९ च्या कायद्याने सीआयएच्या गुप्त खर्चाला संचालकाचा दाखला पुरतो. बस्स, एक सही! शिवाय पैसा दुसऱ्या खात्यांच्या नावावर मंजूर करून इकडे वळवता येतो. पेनसिल्व्हेनियातल्या रिचर्डसन नावाच्या करदात्याने, राज्यघटनेत जमाखर्च प्रसिद्ध करा असं लिहिलंय ना, मग दाखवा, म्हणून दावा लावला. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, केवळ करदाता म्हणून तुम्हाला दावा लावता येत नाही. हिशेब बरोबर की चूक, तो मुद्दा तिथवर पोचलाच नाही. (आमच्या ऑडिटरला हे सांगितलं असतं तर!) पुढे दुसऱ्या एका दाव्यामुळे १९९७ चा, सगळ्या अमेरिकन गुप्तचर संस्थांचा मिळून, एकूण आकडा बाहेर आला : २६.६ अब्ज डॉलर. २००७ च्या कायद्यानंतर तो दरवर्षी येतो, पण फक्त बेरीज.

आपल्याकडे आयबीची (देशांतर्गत गुप्तचर संस्था) तरतूद गृहमंत्रालयाच्या मागण्यांत दिसते, रॉची (परदेशी हेरगिरी पाहणारी संस्था) वेगळी दिसत नाही. तर, आपल्या गुप्त निधीच्या लेखापरीक्षणाची पद्धत नेमकी काय? संसदेत यावर झालेल्या चर्चा कुठे वाचायला मिळतील? महालेखापालांच्या कार्यालयात काम केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा. मराठीत असेल तर उत्तमच.