शर्यतीत दगावलेल्या घोड्याचे शवविच्छेदन करावे की नाही?

करवीरकर
लांब पल्ल्याच्या शर्यतीत दगावलेल्या घोड्याला चिरणे ही विटंबना आहे आणि ‘ऊर फुटून मेला, यापलीकडे कळणार तरी काय?’, असे काल येथे एकाने लिहिले. ते वाचून स्वस्थ बसवले नाही. ऊर फुटणे हे निदान नव्हे. कोसळलेल्या घोड्याची महाधमनी फुटलेली असू शकते, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो किंवा अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील रंगद्रव्याने मूत्रपिंडे निकामी झालेली असू शकतात. महाधमनी फुटली तर स्वाराला दोष देणे बहुधा अन्यायाचे ठरेल. स्नायू असे फुटले असतील, तर घोड्याला पाणी, क्षार आणि विश्रांती केव्हा मिळाली, हे विचारावेच लागेल. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत मृत घोड्याचे शवविच्छेदन नियमानेच होते. आपण हार घालतो आणि खड्डा बुजवतो.

पन्हाळा रोड
हाराला नावे ठेवू नका. आमच्या दारात जन्मलेली घोडी गेली, त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. शिवाय शर्यतीतील कित्येक मृत्यू क्षारांचा तोल बिघडून होतात आणि मृत्यूनंतर रक्तातील पोटॅशियमचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. मग अहवालात ‘निश्चित कारण आढळले नाही’ एवढेच यायचे. कॅलिफोर्नियात १९५५ पासून चालणाऱ्या टेविस कपमध्ये १०० मैल २४ तासांत कापायचे असतात, तरी वाटेत पशुवैद्य घोडे तपासून अडवतात. नाडी मिनिटाला ६४ किंवा आयोजकांनी ठरवलेल्या मर्यादेपर्यंत उतरल्याशिवाय घोडा पुढे सोडू नये. पैसा त्या तपासणीवर खर्च करा.

कसबा बावडा
तपासणीचे सोडा, आधी डांबरी रस्त्यावरच्या घोडागाड्यांच्या शर्यती बंद करा! खूर आणि सांधे त्या रस्त्यावर झिजतात आणि शेजारून मोटारसायकली कर्णे वाजवत धावतात.

पन्हाळा रोड
घोडागाडीवाल्यांना दोष देणे सोपे आहे. मातीची धावपट्टी उरली आहे कोठे? शेताच्या कडेचे रस्ते तुम्हीच डांबरी करून मागितलेत.

कसबा बावडा
रस्ता माणसांसाठी मागितला होता, जनावराचे पाय मोडण्यासाठी नव्हे. शेजारच्या गल्लीतील एक घोडा शर्यतीनंतर लंगडत घरी आला आणि पुन्हा जुंपला गेला. त्याला पाहणारा मी आहे, तुम्ही नाही.

पशुवैद्य, उजळाईवाडी
त्या लंगडणाऱ्या घोड्याचा पाय पुढे मोडला असता, तर हाडातील जुनी चीर शवविच्छेदनातच दिसली असती, म्हणून दोघांनीही मूळ प्रश्नावर यावे. काहीच न सापडणे हीसुद्धा माहिती असते: पीळ नाही, रक्तस्राव नाही, हे ठरले की संशय क्षारांकडे आणि उष्णतेकडे वळतो. मूत्राशयातील गडद तपकिरी मूत्र आणि डोळ्यातील द्रवही उपयोगी पडतात. मात्र आपल्या उन्हाळ्यात शव काही तासांत फुगते आणि जठर मृत्यूनंतरही फाटू शकते. फाटलेल्या कडांवर रक्तस्राव आहे का, यावरून आधीची इजा ओळखता येते, पण तेही शव ताजे असेपर्यंतच. काळपुळीचा (अँथ्रॅक्स या माणसालाही होणाऱ्या रोगाचा) संशय असल्यास मात्र शव मुळीच उघडू नये. कानातील रक्ताचा नमुना आधी तपासावा.

पन्हाळा रोड
माझे मत बदललेले नाही. तरीही मालकाची संमती शर्यतीच्या अर्जावरच घेणार असाल, खर्च आयोजक उचलणार असतील आणि अहवाल गावभर होण्याआधी मालकाच्या हाती पडणार असेल, तर मी सही करीन. घोडा पडल्यावर रडणाऱ्या माणसापुढे कागद धरणार असाल, तर मुळीच नाही.