ऑर्डर घ्यायला कोणी येत नाही हो!

एकांनी लिहिलंय की इंग्लंडच्या खेड्यातल्या पबात अर्धा तास बसलो तरी कोणी ढुंकून पाहिलं नाही, अहो आमचंही पहिल्यांदा अगदी हेच झालेलं. पीक डिस्ट्रिक्ट या तिथल्या डोंगराळ भागात ईडेल गावी गेलो होतो (४३१ किमीची पेनाईन वे पायवाट इथूनच सुरू होते), दिवसभर डोंगर तुडवून, बुटांना हा चिखल, आणि आम्ही आपले टेबलावर शहाण्यासारखे वाट बघत. शेवटी शेजारच्या आजोबांनी खूण केली, काउंटरवर जा म्हणून. टेबल नंबर बघून जायचं, ऑर्डर द्यायची, पैसे बहुतेक वेळा तिथेच, ड्रिंक्स स्वतः उचलून आणायची, जेवण तेवढं टेबलावर येतं.

एल (तिथली पारंपरिक बिअर) मागवलीत तर ती बहुतेकदा हॅंडपंपाने ओढून देतात, ११ ते १३ डिग्रीची असते, म्हणजे आपल्या चिल्ड बिअरच्या हिशोबाने कोमटच. नवरा म्हणाला फ्रीज बिघडलाय वाटतं :) पण दुसऱ्या घोटापासून बरी लागायला लागली. पाइंट म्हणजे ५६८ मिली, तेव्हा आधी हाफ घ्या.

आणि रविवारी दुपारीच जा, रोस्ट (भाजलेलं मांस, सोबत बटाटे-भाज्या) मिळतं. त्याबरोबरचं यॉर्कशायर पुडिंग नावावरून गोड वाटतं पण ती नुसती फुगलेली खारी वाटी असते, त्यात ग्रेव्ही ओतायची. शाकाहारींना नट रोस्ट (दाणे-सुकामेव्याचा भाजलेला वडीसारखा प्रकार), तो मात्र आम्हाला भुसा वाटला. किचन काही ठिकाणी अडीचला बंद होतं, तीनला पोचलात तर चिप्सच्या पाकिटावर भागवा.