मेळघाटातल्या शाळेचा वर्षअखेरचा कार्यक्रम कधी आणि कसा घ्यावा?

चौथीच्या_बाई

नमस्कार. धारणी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. पहिली ते चौथी. लेकरं बहुतेक कोरकू, थोडी गवळ्यांच्या घरची. माझं माहेर अकोटचं, त्यामुळे सातपुडा लहानपणापासून नुसता दुरून पाहिलेला. आता त्याच्या पोटातच राहते.

प्रश्न वर्षअखेरच्या कार्यक्रमाचा आहे. खालच्या गावांसारखं जानेवारीत स्नेहसंमेलन घ्यावं, तर अर्धं गाव गावात नसतं. दिवाळी झाली की माणसं कामाला उतरतात. कोणी संत्र्याच्या तोडीला अचलपूर-चांदूर बाजारकडे, कोणी वीटभट्टीवर, कोणी मध्य प्रदेशात. लहानगी आईबापासोबत जातात, मोठी आजीजवळ राहतात. पोरगी जीव लावून नाच बसवते आणि तिची आई तो पाहायला गावातच नसते, हे मला बघवत नाही.

एप्रिलमध्ये घ्यावं, तर मोहफुलं. पहाटे अंधारातच सगळं घर टोपल्या घेऊन झाडाखाली. चौथीतला एक मुलगा तिथूनच सकाळच्या शाळेत येतो. बोटांना मोहाचा चिकटा, त्याने वहीचं पान पानाला चिकटतं, अंगाला तो गोडसर आंबूस वास, आणि दुसऱ्या तासाला तो भिंतीला टेकून झोपलेला असतो. मी उठवत नाही. त्या फुलांवर घरचं तेल-मीठ निघतं, हे मला ठाऊक आहे.

यंदा चौथीची सगळी मुलं पाचवीला आश्रमशाळेत जाणार. एवढंसं लेकरू घर सोडून वसतिगृहात राहायला जातं. त्याच्याआधी एकदा तरी सगळ्या गावाने त्याला समोर उभं करून कौतुकानं पाहावं, असं फार वाटतं.

आणि दुसरं. कार्यक्रमाला आया येतात, पण कुंपणाबाहेर उभ्या राहतात. खुर्ची दिली तरी आत येत नाहीत. पुढे पाहुणे, हारतुरे, भाषणं, आणि ज्यांची लेकरं नाचतात त्या बाहेर निंबाच्या सावलीत. हे मला बदलायचं आहे. कोणी केलंय का? कसं केलं?

जुने_गुरुजी, चिखलदरा

मॅडम, होळीच्या आठवड्यात ठेवा. दुसरी तारीख पाहूच नोका. कोरकूले दिवाळीपेक्षा होळी मोठी. माणूस कुठंबी कामाले गेला असन, होळीले गावात येतेच. पण होळीच्या आंधी दोन-तीन दिवस धरा. एकदा होळी पेटली का मंग फगवा मांगणं, मेघनाथाची पूजा, नाचगाणं, गाव तुमच्या हाती लागत नाई.

रातचा कार्यक्रम बिलकुल नोका ठेवू. मोह पडाले लागला का अस्वल त्याच्या वासानं गावाच्या काठापर्यंत येते. लहान लेकरं घेऊन बाया अंधारात पाड्यावर कशा जातीन? सकाळी सातले सुरू करा, उन्हं चढायच्या आंधी जेवणं झाली पायजे.

आयायचं म्हणाल तं त्यायले पाहुण्यासारखं बलावूच नोका, काम द्या. आमच्या शाळेत आमी सुरुवात लेकरायच्या नाचानं केलीच नाई. ढोलक-बासरीवाले गावचेच होते. बाया एकमेकीचा हात धरून रांगेनं मैदानात आल्या, आन त्या रांगेच्या शेपटाले एकेक पोरगी लागत गेली. गादली-सुसुन हा कोरकू बायायचा नाच, तो त्यायले कोणी शिकवा लागत नाई, आपल्यालेच त्यायच्यापासून शिका लागते. नाच सरला तं बाया तिथंच मैदानात बसल्या. भाषणं आमी त्याच्या नंतर घेतली, आन लहान घेतली. खुर्च्या मांडल्याच नोयत्या, सगळ्यायले सतरंजी. सरपंचालेबी.

एटापल्लीचा_मास्तर

गुरुजींचं पटलं. फक्त नाचगाणं आणि निरोप एकत्र करू नका. होळीला गावाचा कार्यक्रम करा, निरोप 1 मे ला ठेवा. ध्वजवंदनाला मुलं येतातच, निकालही त्याच दिवशी असतो.

त्या दिवशी चौथीच्या प्रत्येक मुलाच्या आईच्या हातात प्लास्टिकची एक फाइल द्या. आत शाळा सोडल्याचा दाखला, आधारची प्रत, बँक पासबुकाची प्रत, जातीचा दाखला निघाला असेल तर तोही. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. मधल्या काळात माणसं तेंदूपत्त्याला जातात, मग पाऊस लागतो, छप्पर गळतं, कागद भिजतात. आमच्या गडचिरोलीच्या भागात कागदापायी मुलांचे प्रवेश अडकलेले मी पाहिलेत, त्यातली एक मुलगी पुढे शिकलीच नाही. म्हणून मला तर फाइल हाच खरा सत्कार वाटतो.

भाड्याचे ड्रेस आणू नका. परतवाड्याहून जाण्या-येण्याचं भाडंच जास्त पडेल, आणि तो खर्च शेवटी पालकांवर येतो. घरचं लुगडं, घरचा फेटा, झालं.

सिपनाकाठचा

मी मेळघाटातलाच, कोरकू. चौथीपर्यंत गावात, पुढे आश्रमशाळा, आता अमरावतीला शिकतो. बाई, तुम्ही एवढा विचार करता हे वाचून बरं वाटलं.

आमच्या निरोपाला सर बोलले, पाहुणे बोलले. आम्ही ओळीत उभे होतो, आमच्यापैकी कोणाला माइक मिळाला नाही. तुमच्या मुलांना बोलू द्या, आणि कोरकूत बोलू द्या. मराठीत बोल म्हटलं तर दोन पाठ केलेली वाक्यं म्हणून खाली बसतील. कोरकूत बोलली तर त्यांच्या आजीलाही सगळं समजेल.

अजून एक. प्रत्येक मुलाचा घरच्यांसोबत फोटो काढा आणि छापून द्या, मोबाइलमध्ये ठेवू नका. वसतिगृहात पहिले काही महिने रात्री फार जड जातात. माझ्याकडे घरचा एकही फोटो नव्हता. एका मित्राच्या पेटीत त्याच्या आईचा होता, तो आम्ही सगळे पाहायचो.

चौथीच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं उत्तर मी सोबतच्या सरांना वाचून दाखवलं, बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडला. होळीच्या आधी सकाळी गावाचा कार्यक्रम, 1 मे ला निरोप, असं ठरलं. माइक मुलांच्या हाती देणार. ढोलकवाल्या आजोबांनी होकार दिलाय, आणि बायांना विचारायचं काम पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी स्वतःहून घेतलं. मी विचारलं असतं तर त्या लाजल्या असत्या. फाइली मी पुढच्या पगाराला आणते.

फोटो होळीलाच काढून घेते, कारण 1 मे ला सगळे बाप गावात असतीलच असं नाही. धारणीत चांगले छापून मिळतात का, की परतवाड्यालाच जावं लागेल? पाण्याने लवकर खराब होणार नाहीत असे हवेत.