मदत हवी आहे: आरतीच्या तालावर उजळणारे दिवे

नमस्कार मंडळी. घरच्या गणपतीच्या मखरासाठी तालावर उजळणारे दिवे करतोय. आजीला आता जवळजवळ ऐकूच येत नाही, आरतीचा ताल तिला निदान डोळ्यांना दिसावा म्हणून हा खटाटोप.

सामान: डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो अशी) ५ मीटर, एकूण १५० एलईडी, दिवे चालवायला ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि मॅक्स९८१४ माइक. मोबाइलवर गाणं लावलं की दिवे छान नाचतात. पण टाळ-झांजा सुरू झाल्या की अख्खी पट्टी एकसारखी पेटून राहते. या माइकमधलं ऑटोमॅटिक गेन कंट्रोल हळू आणि मोठा आवाज एकाच पातळीला आणतं, त्यामुळे असं होत असावं. एफएफटी करून (म्हणजे आवाजातल्या वेगवेगळ्या वारंवारता गणिताने सुट्या करून) २०० हर्ट्झच्या खालचाच भाग घेतला तर ढोलकीची थाप नेमकी सापडेल का? की आयएनएमपी४४१ हा डिजिटल माइक घेऊ? कुणी झांजांच्या गजरात वापरला असेल तर त्यांचा अनुभव मला फार मोलाचा आहे.

शिवाय पांढरा रंग लावला की पट्टीचं शेवटचं टोक लालसर दिसतं. एका एलईडीला सुमारे ६० मिलिअँपिअर धरले तर ९ अँपिअर होतात. सप्लाय ५ व्होल्ट, १० अँपिअरचा आहे, पण वीज एकाच टोकाला दिलीय. दुसऱ्या टोकालाही जोडली की पुरे, की मध्येही द्यावी लागेल? मखर कापडाचं आहे, तारा तापायला नकोत. तेव्हा तार किती जाडीची घ्यावी आणि फ्यूज कुठे बसवावा, तेही कृपया सांगा.